फ्लोरेन्सच्या बाजारात पहिल्यांदाच जाताय? मग आधी हे वाचा

पहिल्या दिवशी काहीही विकत घ्यायचं नाही. हे सगळ्यात आधी सांगून टाकते, कारण स्टेशनवरून हॉटेलकडे जाताना वाटेतच रंगीबेरंगी पर्सेस टांगलेले स्टॉल लागतात, विक्रेता हसून बोलावतो, आणि आपली मंडळी बॅगा खोलीत टाकायच्या आधीच दोन पर्सेस आणि एक बेल्ट घेऊन मोकळी होतात. मग नंतर नदीपलीकडच्या एखाद्या गल्लीत कारागीर डोळ्यांसमोर पर्स शिवत बसलेला दिसतो आणि चुटपुट लागते.

फ्लोरेन्सची गंमत आणि डोकेदुखी दोन्ही हीच आहे की इथेच बनलेला माल आणि इथे फक्त विकायला आणलेला माल शेजारीशेजारी टांगलेला असतो, बऱ्याचदा दिसायलाही सारखाच. त्यातला फरक ओळखता आला की निम्मं काम झालं. बाकीचं निम्मं म्हणजे कुठल्या रस्त्यावर काय घ्यायचं आणि काय नुसतं बघून पुढे जायचं. आमच्याकडे युरोपात पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की इटलीची ट्रिप ठरलेलीच असते, आणि दरवेळी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा नीट लिहूनच काढलं.

पायरी १: दिवस आणि वेळ बघून जा

छोटी दुकानं, म्हणजे तुम्हाला ज्यात खरा इंटरेस्ट असायला हवा ती, दुपारी १ ते ३:३० च्या आसपास बंद असतात. पुणेकरांना हे नवीन नाही, त्यांनी हसू नये. रविवारी बरीच बंद, सोमवारी सकाळीही बरीच बंद. मोठे ब्रँड आणि टुरिस्टांच्या वाटेवरची दुकानं मात्र दिवसभर चालू. ऑगस्टमध्ये, त्यातही १५ ऑगस्टच्या आगेमागे, कारागीर मंडळी शटर ओढून सरळ समुद्रावर जातात आणि दारावर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला असतो, तेव्हा खास कारागिरांसाठी जायचं असेल तर ऑगस्ट टाळा. ऊनही मरणाचं असतं.

सेल हवा असेल तर वर्षातून दोनदा सरकारी वेळापत्रकाने लागतो, त्याला साल्दी म्हणतात. हिवाळ्याचा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि उन्हाळ्याचा जुलैच्या सुरुवातीला. मूळ किंमत आणि किती टक्के कमी केली हे लेबलवर लिहावंच लागतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत चांगले साइझ संपतात, शेवटी शेवटी सूट वाढते पण मग उरतात ते टोकाचे साइझ.

साइझवरून आठवलं, इटालियन कपड्यांचे नंबर वेगळेच असतात. इटलीचा ४२ म्हणजे जर्मनीचा ३६ आणि फ्रान्सचा ३८. जर्मनीत राहणाऱ्या मैत्रिणी इटालियन ३६ शोधत बसतात आणि लहान मुलींच्या सेक्शनकडे पाठवल्या जातात.

पायरी २: नकाशा डोक्यात बसवा, आणि नंबरांची भानगड समजून घ्या

जुनं शहर अगदी छोटं आहे. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवरून दुओमो, म्हणजे तो लाल घुमटवाला मोठा चर्च, चालत दहा मिनिटांवर. तिथून व्हिया दे काल्त्सायुओली हा सरळ रस्ता पियात्सा देल्ला सिन्योरियाला नेतो, आणि तिथून थोडं पुढे पोंते वेक्कियो, सोनारांचा जुना पूल. पूल ओलांडला की ओल्त्रार्नो, आर्नो नदीच्या पलीकडचा भाग. रमतगमत गेलात तरी एवढं सगळं अर्ध्या-पाऊण तासात पायाखालून जातं. विमानतळावरून ट्रामची टी २ लाइन थेट स्टेशनपाशी सोडते, टॅक्सीची गरज नाही. गाडी भाड्याने घेतली असेल तर ती शहराबाहेर पार्क करा, जुन्या शहरात झेडटीएल असतो म्हणजे परवान्याशिवाय गाड्यांना बंदी, कॅमेरे फोटो काढतात आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी तुमच्या घरी पोचते.

आता नंबरांची भानगड. फ्लोरेन्समध्ये एकाच रस्त्यावर घरनंबरांच्या दोन वेगळ्या माळा चालतात. राहत्या घरांचे नंबर काळे किंवा निळे, दुकानांचे आणि खानावळींचे लाल, आणि या दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. पत्त्यात आकड्यानंतर आर असं अक्षर असेल तर तो लाल नंबर, म्हणजे रोस्सो. ते अक्षर वाचलं नाहीत की तुम्ही १५ नंबरच्या कुणाच्या तरी घराच्या बेलसमोर उभे, आणि दुकान रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला.

बूट चांगले घाला. रस्ते दगडी फरशांचे आहेत आणि पावसात घसरडे होतात. पाण्याची बाटली सोबत ठेवा, सिन्योरियाच्या चौकात नेपच्यूनच्या कारंज्याजवळ महापालिकेचा फुकट नळ आहे, साधं पाणी पण मिळतं आणि बुडबुड्यांचं पण.

पायरी ३: पहिली फेरी नुसती डोळ्यांची

काल्त्सायुओलीवर नेहमीचे ब्रँड आहेत जे तुम्हाला कुठल्याही युरोपियन शहरात दिसतील, तिथे फार वेळ घालवू नका. पण मध्येच ओर्सानमिकेले नावाची चौकोनी दगडी इमारत लागते तिथे जरूर थांबा. हे आधी धान्याचं मार्केट होतं, नंतर चर्च झालं, आणि बाहेरच्या भिंतींतल्या कोनाड्यांत शहरातल्या वेगवेगळ्या व्यापारी संघांनी आपापल्या संतांचे पुतळे बसवले. लिनन विकणाऱ्यांचा सेंट मार्क, चिलखतं बनवणाऱ्यांचा सेंट जॉर्ज, हे दोन्ही दोनातेल्लो या शिल्पकाराचे. आता बाहेर आहेत त्या प्रती, मूळ पुतळे बहुतेक आत म्युझियममध्ये जपलेत, सेंट जॉर्ज मात्र बार्जेल्लो म्युझियममध्ये. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वी इथल्या कापडवाल्यांना एवढी ऐपत आणि एवढी हौस होती, हे कळलं की पुढचे सगळे रस्ते जरा वेगळे दिसायला लागतात.

तिथून जवळच लोज्जा देल मेर्कातो नुओव्हो, खांबांवर उभा सोळाव्या शतकातला बाजार. एका बाजूला पितळी रंगाचा रानडुक्कर बसलेला आहे, पोर्चेल्लिनो, त्याचं नाक घासून घासून चकचकीत झालंय. नाकाला हात लावायचा, तोंडातून नाणं खाली जाळीत सोडायचं, पडलं तर तुम्ही फ्लोरेन्सला परत येणार. हा डुक्कर पण कॉपीच, सतराव्या शतकात पिएत्रो ताक्काने केलेला मूळ ब्राँझ बार्दिनी म्युझियममध्ये आहे. बाजाराच्या मधोमध जमिनीत एक गोल संगमरवरी चक्र दिसेल, स्टॉलखाली झाकलेलं असू शकतं. दिवाळं काढलेल्या व्यापाऱ्याला इथे आणून सगळ्यांसमोर त्याचं उघडं बूड दगडावर आपटायचे. आजकालच्या कर्जबुडव्यांसाठी ही प्रथा परत आणायला माझी काही हरकत नाही.

व्हिया तोर्नाबुओनी ही श्रीमंतांची गल्ली. फेर्रागामोचं दुकान ज्या किल्ल्यासारख्या वाड्यात आहे तो तेराव्या शतकातला पलात्सो स्पिनी फेरोनी, साल्व्हातोरे फेर्रागामोने १९३८ मध्ये विकत घेतला, आणि तळघरात बुटांचं म्युझियम आहे. गुच्चीसुद्धा याच शहरातली, १९२१ ची. इथे खरेदीचा सल्ला मी काय देणार, खिडक्या बघा आणि पुढे चला. पण याच रस्त्यावर १८८५ पासून चालू असलेलं प्रोकाच्ची म्हणून छोटं दुकान आहे, तिथे ट्रफलचं, म्हणजे जमिनीखाली उगवणाऱ्या सुवासिक आळंबीचं, बोटभर सँडविच मिळतं. दोन घासांत संपतं, पण खाऊन बघाच.

पायरी ४: चामडं, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त लोक फसतात

सान लोरेन्झो भागात मध्यवर्ती मंडईच्या भोवती, मुख्यतः व्हिया देल्लारिएन्तोवर, चामड्याच्या स्टॉलची रांग आहे. इथे घासाघीस चालते, आणि आयुष्यभर तुळशीबागेत केलेला सराव इथे वाया जात नाही. विक्रेत्यांमध्ये दक्षिण आशियातले बरेच जण आहेत, तुम्हाला बघून हिंदी सुरू होते, बॉलिवूड निघतं, आणि आपण विरघळतो. विरघळू नका. ‘आमचीच फॅक्टरी आहे’ म्हणून शेजारच्या दुकानात आत नेतात तेव्हा तर अजिबातच नाही.

आणखी एक ठरलेला प्रयोग म्हणजे लायटर. विक्रेता पर्सवर क्षणभर ज्योत धरतो, काही होत नाही, मग म्हणतो बघा, खरं लेदर. त्यावरून फारसं काही सिद्ध होत नाही, आणि चामड्याच्या थरावर प्लास्टिकचं कोटिंग असेल तर ते तर अजिबातच कळत नाही. माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी असाच प्रयोग बघून खुशीत हँडबॅग घेतली, पुण्यात एक पावसाळा झाला आणि पट्ट्याचे पोपडे निघायला लागले.

मग बघायचं काय? कापलेली कड. पट्टा, आतला खिसा, फ्लॅपची खालची बाजू, कुठेतरी एक कड रंग न लावलेली सापडते. खऱ्या चामड्याची कड एकजीव आणि जरा तंतुमय दिसते, नखाने खरवडलं तर बारीक लव उठते. चुऱ्यापासून दाबून केलेला माल असेल तर कडेला थर दिसतात, मध्ये कापडाची जाळी दिसते. सगळ्याच कडा जाड चमकदार रंगाने बंद केलेल्या असतील तर विचारा का. मग उलटी बाजू, अस्तराच्या आत बोट घालून चाचपा, साबरासारखी खरखरीत लागायला हवी. वास प्लास्टिकचा किंवा गोंदाचा नको. झाडाच्या सालीच्या अर्काने कमावलेलं चामडं असेल तर लाकडासारखा वास येतो, सुरुवातीला कडक असतं, आणि उन्हात-हातात वापरून रंग गडद होत जातो. लेबलवर ‘कोन्चातो आल व्हेजेताले’ असं असेल तर ते हेच. याचे कारखाने फ्लोरेन्स आणि पिसाच्या मधल्या पट्ट्यात, सांता क्रोचे सुल्लार्नो या गावाच्या भागात आहेत.

नुसता सोनेरी अक्षरात ‘फिरेन्झे’ (फ्लोरेन्सचं इटालियन नाव) असा शिक्का काहीच सांगत नाही, शिक्का कुठेही मारता येतो. ‘व्हेरा पेल्ले’ म्हणजे खरं चामडं, आणि ‘मेड इन इटली’ वेगळं लिहिलेलं हवं. बुटांवर तर सोपं आहे, युरोपात बुटांना चित्रांचं लेबल सक्तीचं आहे. पसरलेल्या कातड्याच्या आकाराचं चित्र म्हणजे चामडं, तसंच चित्र पण मध्ये चौकट म्हणजे वरून थर दिलेलं चामडं, विणलेल्या जाळीचं म्हणजे कापड, आणि नुसती तिरकी चौकट म्हणजे इतर काहीतरी, बहुतेक रेक्झीन. वरचा भाग, अस्तर, तळवा, तिन्हींचं वेगवेगळं चित्र असतं. बूट हातात घेऊन दहा सेकंदांत कळतं.

नवख्या माणसाला मी आधी सांता क्रोचे चर्चच्या मागे पाठवते. तिथे स्कुओला देल कुओयो आहे, चामड्याची शाळा. दुसऱ्या महायुद्धानंतर अनाथ मुलांना हातात काहीतरी धंदा यावा म्हणून फ्रान्सिस्कन साधूंनी शहरातल्या दोन चर्मकार कुटुंबांना सोबत घेऊन ती मठातच काढली. चर्चचं तिकीट न काढता मागच्या व्हिया सान जुझेप्पेवरून आत जाता येतं, प्रवेश फुकट. लांब कॉरिडॉरमध्ये टेबलांवर माणसं काम करत बसलेली असतात, कुणी कडा घासतंय, कुणी पाकिटाला दोरा ओवतंय, आणि छोटं पाकीट किंवा बुकमार्क घेतलात तर त्यावर तुमची आद्याक्षरं सोन्याच्या वर्खात उठवून देतात. स्वस्त नाही. पण काही घेतलं नाही तरी चालेल, इथे हात लावून, वास घेऊन या आणि मग सान लोरेन्झोला जा, स्टॉलवरच्या मालात काय खरं आहे ते तुमचं तुम्हालाच कळेल. सगळं खोटं नसतं तिथे, बेल्ट आणि छोटी पाकिटं चांगली मिळतात.

चामडं घरी नेल्यावर कोकणात-मुंबईत असाल तर पावसाळ्यात बुरशी धरतेच, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नका, जुन्या सुती साडीत गुंडाळा आणि अधूनमधून हवा द्या.

पायरी ५: पोंते वेक्कियोवरचं सोनं

पूल १३४५ चा. आधी इथे खाटकांची दुकानं होती, नको ते सगळं थेट नदीत जायचं, १५९३ मध्ये इथला सत्ताधीश फेर्दिनांदो पहिला याने त्यांना हाकललं आणि सोनारांना बसवलं. वरच्या मजल्यावरून जी बंद गॅलरी जाते तो व्हासारीचा कॉरिडॉर, शहरावर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातल्या लोकांना खालच्या गर्दीत न मिसळता राजवाड्यात जाता यावं म्हणून १५६५ मध्ये बांधलेला. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी शहरातले बाकी सगळे पूल उडवले, एवढा एकच ठेवला.

आता सोनं. आपल्या लोकांनी एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी, इथे २२ कॅरेट मागू नका. इटलीत दागिना सहसा १८ कॅरेटचा असतो, शिक्का ७५० चा, म्हणजे हजारात ७५० भाग सोनं. आपल्याकडचा ९१६ हा २२ कॅरेटचा. त्यामुळे रंगही जरा वेगळा दिसतो, आणि आईला दाखवलं की पहिला प्रश्न येतो, हे असं फिकट का गं? भावही ग्रॅम गुणिले दर अधिक घडणावळ असा सांगत नाहीत, वस्तूची एकच किंमत असते आणि त्यात कारागिरी, ब्रँड, पुलावरच्या दुकानाचं भाडं सगळं आलं. गुंतवणूक म्हणून घ्यायचं असेल तर आपला गावचा सोनार बरा. इथे घ्यायचं ते कामासाठी.

काम कसलं, तर सोन्याच्या पृष्ठभागावर बुलीनोने, म्हणजे बारीक टोकाच्या कोरणीने, एकमेकांना छेदणाऱ्या केसासारख्या रेघा ओढतात, त्यामुळे सोनं चकाकत नाही, रेशमासारखं मंद दिसतं. भिंगातून दाखवा म्हणा, आनंदाने दाखवतात. हाताचं काम असेल तर रेघांमध्ये किंचित कमीजास्त अंतर दिसतं, मशीनचं काम अगदी आखल्यासारखं.

७५० च्या शेजारी आणखी एक शिक्का शोधा, चांदणी, आकडा आणि दोन अक्षरं. अक्षरं जिल्ह्याची असतात, एफआय म्हणजे फ्लोरेन्स, एआर म्हणजे आरेत्सो, व्हीआय म्हणजे व्हिचेन्झा. पुलावर विकलेला दागिना आरेत्सोचा निघाला तर त्यात फसवणूक काही नाही, आरेत्सो हे इटलीच्या सोन्याच्या धंद्याचं मोठं केंद्रच आहे, पण ‘आम्ही इथेच बनवतो’ असं सांगितलेलं असेल तर मग शिक्क्यावर बोट ठेवून विचारायला हरकत नाही. भारतात नेताना कस्टम्सची मर्यादा काय आहे ते निघायच्या आधी सरकारी साइटवर बघून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा जुना मेसेज बघून नको.

संध्याकाळी दुकानं बंद होताना पुलावर असा. लाकडी झडपा, लोखंडी पट्ट्या मारलेल्या, एकेक करून लावल्या की सगळा पूल जुन्या पेट्यांची रांग लावल्यासारखा दिसतो. फोटो त्याचा काढा, आणि फोटो काढताना पर्स पुढे घ्या कारण पाकीटमारांनाही ही जागा आवडते.

पायरी ६: नदी ओलांडा

बहुतेक ग्रुप टूरवाले पुलावरून फोटो काढून परत फिरतात, तुम्ही फिरू नका. पूल उतरल्या उतरल्या व्हिया ग्विच्चार्दिनीवर मादोव्हा म्हणून हातमोज्यांचं चिमुकलं दुकान आहे, १९१९ पासून फक्त हातमोजेच बनवणारं घर. आपल्याकडे हातमोज्यांचं काय करणार हा प्रश्न बरोबर आहे, पण युरोपात राहणाऱ्यांनी एकदा बघावं. पुढे पित्ती राजवाड्याच्या परिसरात जुलिओ जान्निनी ए फील्यो, १८५६ पासून बाइंडिंग आणि मार्बल पेपरवाले.

मार्बल पेपर कसा करतात ते कुठेतरी बघून घ्याच, ओल्त्रार्नोच्या दोन-तीन दुकानांत विचारलं तर करून दाखवतात. उथळ ट्रे असतो, त्यात शेवाळाचा अर्क घालून घट्टसर केलेलं पाणी. त्यावर रंगाचे थेंब शिंपडतात, रंगात बैलाचं पित्त मिसळलेलं असतं म्हणून थेंब बुडत नाही, वर पसरतो. मग सुईने किंवा खिळ्यांच्या फणीने एकदा आडवं एकदा उभं ओढलं की मोरपिसासारखी नक्षी तयार होते, कागद अलगद टेकवला की सगळी नक्षी एका झटक्यात कागदावर. दुसरा कागद तसाच्या तसा कधीच येत नाही. म्हणून वहीवरचा कागद छापील की हाताचा हे ओळखायचं असेल तर तीच डिझाइन असलेल्या दोन वह्या शेजारी ठेवा, दोन्ही हुबेहूब असतील तर प्रिंट. भेट द्यायला ही सगळ्यात शहाणी वस्तू आहे, वजन नाही, फुटत नाही, आणि ऑफिसात दहा जणांना वाटता येते.

व्हिया माज्जो अँटिक वाल्यांचा रस्ता. पलीकडे सांतो स्पिरितो आणि सान फ्रेदियानोच्या गल्ल्यांत फ्रेम बनवणारे, सोन्याचा वर्ख लावणारे, चांभार, आणि दगडाची पच्चीकारी करणारे. हे दगडकाम जरूर बघा. करवत म्हणजे धनुष्यासारखी वाकवलेली झाडाची फांदी, तिला ताणलेली लोखंडी तार, आणि दाताऐवजी ओली कुरुंदाची पूड. दगडाची पातळ चकती उभी धरून तारेने ती मुंगीच्या वेगाने कापतात, मग तुकडे असे बसवतात की सांधा दिसत नाही, आणि रंग लावायचा नसतो, दगडाचा मूळ रंगच वापरायचा. मेदिचींनी यासाठी १५८८ मध्ये कारखानाच काढला होता, ओपिफिचो देल्ले पिएत्रे दुरे, तो आज दुरुस्तीची संस्था आणि म्युझियम म्हणून चालू आहे. छोटा दगडी फोटोएवढा तुकडा घ्यायचा म्हटला तरी खिसा चांगलाच हलका होतो, पण बघायला कुणी पैसे घेत नाही.

अशा दुकानांत शिरताना दोन गोष्टी पाळा. आत पाऊल टाकताच बोंजोर्नो म्हणा, दुपारनंतर बुओनासेरा. न बोलता आत घुसून वस्तू उचलणं इथे उद्धटपणा समजतात आणि मग ते तोंड वाकडं करतात, आपल्याला वाटतं आपला रंग बघून केलं. आणि हात लावायच्या आधी ‘पोस्सो?’ विचारा, लावू का. इथे भाव पाडायचा नाही. तीन वस्तू घेतल्यात तर हळूच ‘स्कोंतो?’, म्हणजे सूट, म्हणून बघा, दिलं तर दिलं.

पायरी ७: खाऊ

मध्यवर्ती मंडई १८७४ ची, लोखंड आणि काचेची, तळमजला खरा बाजार, दुपारी आवरतो. वरचा मजला २०१४ पासून फूड कोर्ट, रात्रीपर्यंत चालू, जरा महाग. सांताम्ब्रोज्योची मंडई शहरातल्या लोकांची, सकाळी जा. भाजी-फळाला स्वतः हात लावायचा नाही, विक्रेता निवडून देतो. निवडून घ्यायची सवय असलेल्यांना हे फार जड जातं, पण आवरा.

लांप्रेदोत्तो नावाचं सँडविच सगळे ब्लॉगवाले सांगतात, ते गाईच्या जठराचं असतं, हे न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. शाकाहारींनी पाप्पा आल पोमोदोरो, म्हणजे शिळ्या पावाचं टोमॅटोत शिजवलेलं पातळ, किंवा रिबोल्लिता, म्हणजे पाव, घेवडा आणि पालेभाज्यांचं दाट सूप, घ्यावं, मात्र आत मांसाचं स्टॉक आहे का विचारून. इथल्या पावात मीठ नसतं, बेकरीवाला विसरला असं समजू नका. घरी न्यायला पेकोरीनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज, छान, व्हॅक्यूम पॅक करून मागा, सोत्तोव्हुओतो. कडक शाकाहारी असाल तर लेबलवर ‘काल्यो व्हेजेताले’ शोधा, काल्यो म्हणजे चीजसाठी दूध घट्ट करणारा पदार्थ, नुसतं ‘काल्यो’ असेल तर ते सहसा वासराच्या जठरातलं असतं. आइस्क्रीमवाल्याकडे डोंगरासारखे रचलेले भडक रंग दिसले की पुढच्या दुकानात जा, पिस्त्याचा खरा रंग मळकट हिरवा असतो.

आणि सांता मारिया नोव्हेल्लाची जुनी औषधी-अत्तरांची पेढी, व्हिया देल्ला स्कालावर. तिथल्या मठातल्या साधूंची औषधशाळा होती ती, १६१२ पासून लोकांसाठी खुली. साबण घ्या किंवा नुसतं आत फिरून या, वास कपड्यांना चिकटून संध्याकाळपर्यंत येतो.

पायरी ८: मंगळवार असेल तर काशीने

शहराच्या पश्चिमेला नदीकाठाने काशीने नावाची मोठी बाग आहे, तिथे मंगळवारी सकाळी आठवडी बाजार भरतो. टुरिस्ट कमी, फ्लोरेन्सच्या आज्या जास्त. चादरी, टेबलक्लॉथ, स्वयंपाकाची भांडी, मोजे, जुने स्वेटर, रोपं. ट्राम टी १ ने काशीनेच्या स्टॉपवर उतरा, दुपारी एकच्या आधी आटपा.

बाजार झाल्यावर परत फिरू नका, बागेतून नदीकाठाने पश्चिमेच्या टोकापर्यंत चालत जा, लांब आहे, चांगले दोन-तीन किलोमीटर, सायकल मिळाली तर उत्तम. जिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते तिथे छत्रीखाली फेटा आणि दागिने घातलेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा आहे. ते आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला याच शहरात वारले, वय जेमतेम वीस, आणि दोन नद्यांच्या संगमावर त्यांचा हिंदू पद्धतीने दहनविधी झाला. १८७४ मध्ये हे स्मारक उभं राहिलं. शेजारच्या मोठ्या पुलालाही त्यांच्यावरूनच पोंते आल्लिंदियानो म्हणतात. फ्लोरेन्सला जाऊन आलेल्या कितीतरी मराठी माणसांना हे माहीतच नसतं, डुकराचं नाक मात्र सगळे घासून येतात.

पायरी ९: पैसे, पावती, रिफंड

कार्ड सगळीकडे चालतं. मशीन जेव्हा विचारतं रुपयांत की युरोत, तेव्हा डोळे झाकून युरो, रुपयांत घेतलंत तर दर त्यांच्या मर्जीचा. पावती, म्हणजे स्कोंत्रीनो, घ्याच. फुटपाथवर चादर पसरून विकलेल्या नकली ब्रँडेड पर्सेस घेऊ नका, इटलीत विकणाऱ्यालाच नाही, घेणाऱ्यालाही दंड होतो, ७००० युरोपर्यंत. तसंच रस्त्यावर मुद्दाम अंथरलेल्या चित्रांवर चुकून पाय पडला की पैसे मागणारे असतात, खाली बघून चाला.

टॅक्स रिफंड फक्त युरोपियन युनियनच्या बाहेर राहणाऱ्यांना. म्हणजे भारतातून आलेल्यांना मिळतो, जर्मनीत-नेदरलँड्सला राहणाऱ्या आपल्याला नाही, लंडनवाल्यांना मिळतो. आणि हो, पाहुण्यांची खरेदी आपल्या नावावर करू नका. २०२४ पासून एका दुकानातल्या एका बिलाला ७० युरोच्या वर असलं की पुरतं, आधी ही मर्यादा १५५ च्या जवळ होती. टॅक्स २२ टक्के असला तरी हातात त्यापेक्षा बरंच कमी येतं, मधली कंपनी तिचं कमिशन कापते. दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्यायचा, वस्तू न वापरता पॅक ठेवायची आणि तीन महिन्यांच्या आत युनियनच्या बाहेर न्यायची.

कस्टम्सचा शिक्का युनियनमधल्या शेवटच्या विमानतळावर मिळतो. फ्लोरेन्स–म्युनिक–मुंबई असेल आणि वस्तू हातातल्या बॅगेत असेल तर म्युनिकला. पण फ्लोरेन्स–झ्युरिक–मुंबई असेल तर स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, तेव्हा सगळं काम फ्लोरेन्सलाच, बॅग चेक-इन करायच्या आधी. त्यासाठी विमानतळावर तासभर लवकर पोचा, वस्तू बॅगेत सगळ्यात वर ठेवा, काउंटरवरचा माणूस कधीकधी उघडून दाखवायला सांगतो.